माळ्यावरची पितळी भांडी आणि रुखवतातले रुमाल: जुनं जमवायचं कसं आणि रोज वापरायचं कसं

जुनी भांडी जमवायची असं मनात आलं की लोक आधी ऑनलाइन शोधतात, आणि तिथे व्हिंटेज म्हणून वाट्टेल त्या किमतीला जे मिळतं त्यातलं बरंचसं नवंच असतं, मुद्दाम काळवंडवलेलं. त्यापेक्षा आधी घरचा माळा उघडा. आई, सासूबाई, आत्या, गावाकडची काकू, सगळ्यांना एकेक फोन करा आणि सरळ विचारा की मोडीत द्यायचं काही पडलंय का. स्टेनलेस स्टील घरोघरी आलं तेव्हा पितळ रोज घासायची आणि दर काही महिन्यांनी कल्हई लावून आणायची कटकट बायकांनी आनंदानं सोडली (त्यांना कशाला नावं ठेवायची, घासायचं त्यांनाच होतं), बरीच भांडी मोडीच्या भावानं गेली, आणि जी आईनं दिलेली म्हणून मोडवली नाहीत ती पोत्यात बांधून माळ्यावर गेली ती अजून तिथेच आहेत. बोहारणीकडून जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं घेणारी पिढी अजून आहे, त्यांनाच विचारा, कुठल्या पोत्यात काय आहे ते बरोबर माहीत असतं.

आणि एक ठरवून टाका, जे वापरणार तेच घ्यायचं. घंगाळ दिसलं की मोह होतो मला माहितीय, पण फ्लॅटमध्ये घंगाळ आणलं की पहिले चार दिवस त्यात फुलं तरंगतात, मग मनी प्लांट, मग धूळ. सुरुवात करायची तर झाकणासकट एक मध्यम पातेलं, एक परात, बिडाचा तवा, चिनीमातीच्या एक-दोन बरण्या, तेल-तूप घ्यायला ओगराळं, आणि कपाटात पडलेले रुमाल-टेबलक्लॉथ. एवढं रोजच्या वापरात बसलं की पुढचं आपोआप कळतं.

बाहेरून घ्यायचं असेल तर पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे, आणि नवं पण जुन्या पद्धतीनं ठोकलेलं हवं असेल तर पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी, तिथे तांब्यावर हातोडीनं एकसारखे ठोके पाडायचं मठारकाम अजून चालतं. विदर्भातल्यांना भंडारा सांगायला नकोच, पितळेसाठीच ओळखलं जातं ते गाव. जायच्या आधी शक्य असेल तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा बघून घ्या. केळकरांनी आयुष्यभर जमवलेला हा संग्रह पुढे राज्य सरकारला देऊन टाकला. अडकित्ते, दिवे, भांडी डोळ्याखालून गेली की खरी जुनी घडण कशी असते त्याचा अंदाज येतो आणि मग बाजारात कोणी "पेशवाई आहे ताई" म्हणालं तर हसू आवरता येतं.

बाजारात जाताना पर्समध्ये छोटं लोहचुंबक ठेवा. पितळ, तांबं, कासं यांना चुंबक चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. मग भांडं उचलून बघा, खरं जुनं पितळ हाताला जड लागतं. बोटानं टिचकी मारा, काशाचा आवाज लांबत जातो, पितळेचा लवकर विरतो, आणि चीर असेल तर बद्द वाजतं. (पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. कासं पडलं तर तडकतं, फुटतंसुद्धा, आणि ते गॅसवर ठेवायचं नाही, ताट-वाटी म्हणूनच वापरायचं.) बूड उजेडाकडे धरून आतून बघा, टाचणीएवढं भोक असलं तरी लगेच उजेड दिसतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाळ, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवलेली जागा, बघा. गळकं भांडं झाळून घ्यायची पद्धत होती आणि त्या झाळीत बऱ्याचदा शिसं असतं, तर राखाडी मऊसर ठिगळ आतल्या बाजूला दिसलं की ते भांडं स्वयंपाकाचं नाही, त्यात कांदे-बटाटे ठेवा. भाव करताना आधी मोडीचा किलोचा भाव विचारून घ्या, म्हणजे धातूचे किती आणि हौसेचे किती हे तुमच्या लक्षात येतं. हौसेचे द्यायला हरकत नाही पण कळून द्यावेत.

भांडं उलटं करून आणि काठाखाली नाव शोधायला विसरू नका. टिंबंटिंबं टोचून नावं घातलेली असतात, "चि. सौ. कां. अमकी हिस मामांकडून सप्रेम भेट", कधी गावाचं नाव, कधी नुसती आद्याक्षरं. लग्नाकार्याला, पंगतीला वाड्यातली सगळी भांडी एकत्र व्हायची आणि नंतर आपलं आपल्याकडे परत यावं म्हणून हे नाव. शके घातलं असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८६५ असेल तर १९४३ (माघ-फाल्गुनातलं कार्य असेल तर एक वर्ष पुढे जाऊ शकतं). घासताना या अक्षरांवर तारेची घासणी घालू नका, आधीच झिजलेली असतात. मला विचाराल तर बिननावाच्या मोठ्या हंड्यापेक्षा नाव टोचलेली छोटी तपेली केव्हाही घ्यावी.

आता कल्हई, कारण इथे लोक अडतात आणि भांडं परत माळ्यावर जातं. पितळेच्या-तांब्याच्या भांड्यात आंबट काही शिजवलं किंवा ठेवलं की धातू अन्नात उतरतो, त्याचीच ती कळकलेली चव आणि मळमळ. म्हणून आतून कथलाचा पातळ थर देतात. कल्हईवाला अजून मिळतो, जुन्या पेठांमधे भांड्यांच्या दुकानात विचारलं तर नंबर देतात, मोठ्या सोसायट्यांमधे लोक दहाबारा घरची भांडी गोळा करून त्याला बोलावून घेतात, आणि हे उत्तम, कारण एका पातेल्यासाठी भट्टी पेटवायला कोण येणार. समोर उभं राहून बघा. आधी भांडं आतून स्वच्छ घासून घेतो, मग भात्यानं फुलवलेल्या निखाऱ्यावर फिरवत तापवतो, पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर टाकतो, भस्सकन पांढरा धूर निघतो आणि नाक झोंबतं (लहान मुलांना तेवढं लांब ठेवा), त्या नवसागरानं आतला गंज-मळ निघून धातू कोरा होतो, आणि लगेच कथलाची कांडी तापल्या भांड्याला नुसती टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्यानं तो ती भराभर सगळीकडे पुसत नेतो. पिवळं बूड डोळ्यासमोर चांदीसारखं होतं. मग पाण्यात बुडवलं की झालं. काठापासून बुडापर्यंत सलग लागलीय ना, कोपऱ्यात पिवळं राहिलं नाही ना, ते तिथेच बघून घ्या, भट्टी गरम आहे तोवर तो परत हात फिरवून देतो.

कांडी कसली आहे तेही विचाराच. स्वस्तात करणारे कथलात शिसं मिसळतात आणि ते पोटात जायला नको. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर असा बारीक आवाज येतो, शिसं भरपूर असेल तर कांडी गुपचूप वाकते. शिसं पांढऱ्या कागदावर घासलं की पेन्सिलीसारखी काळपट रेघ उठते, तेही करून बघता येतं. या काही लॅबच्या टेस्ट नाहीत, पण हे विचारणारं गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर समोरचा जरा जपून काम करतो, आणि खात्रीचा माणूस मिळाला की त्याला सोडू नका, पैसे थोडे जास्त गेले तरी.

कल्हई झाली की ती टिकवायची. कथील २३२ अंशाला वितळतं, म्हणजे रिकामं पातेलं गॅसवर विसरलात तर आतली कल्हई गोळा होऊन बसते. म्हणून त्यात दाणे भाजायचे नाहीत, रवा भाजायचा नाही, कडकडीत धूर येईपर्यंत तेल तापवायचं नाही. फोडणी चालते, तेल आधी घालून मध्यम आचेवर मोहरी तडतडली की लगेच पुढचं घाला. मी स्वतः फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून ओतते, ती सवय लागली की प्रश्नच मिटतो. लाकडी नाहीतर नारळाच्या कवटीचा डाव वापरा, स्टीलचं उलथनं आत खरवडायचं नाही. चिंच-कोकम घातलेली आमटी कल्हई चांगली असेपर्यंत बिनधास्त करा, पण जेवणं झाली की उरलेली स्टीलच्या भांड्यात काढा, रात्रभर त्यात ठेवू नका. आतून पिवळे डाग दिसायला लागले की कल्हईची वेळ आली, रोजच्या वापरातल्या भांड्याला काही महिन्यांतच येते. आणि हो, पितळ-तांबं इंडक्शनच्या शेगडीवर चालत नाही, विकत घेण्याआधी हे बघा, नाहीतर सगळी मेहनत करून पातेलं गार. गोल बुडाचं असेल तर गॅसवर रिंग ठेवा.

बाकी वरण, भात, मुगाची खिचडी, दुधीची भाजी, शेवयांची खीर, सगळं या पातेल्यात होतं, बूड जाड असल्यानं आच सगळीकडे सारखी लागते आणि खीर चटकन खाली लागत नाही. ज्यांना कल्हई नाही अशा भांड्यांना साधी, बिनआंबट कामं द्या: परातीत पीठ मळा, तांब्याच्या कळशीत साधं पाणी भरा. ताक, लिंबूसरबत, इडलीचं पीठ यांतलं काही त्यात नको. बिनकल्हईच्या पितळी डब्यात दिवाळीचा फराळ भरून ठेवायची आयडिया पण छान दिसते फक्त, तांब्याच्या अंशानं तेल-तूप लवकर खवट होतं, तेव्हा चकल्या स्टीलच्याच डब्यात, वाटल्यास पाहुणे आले की पितळी ताटात काढा.

घासायचं म्हणाल तर बाहेरून चिंच नाहीतर लिंबाच्या सालीवर मीठ घेऊन चोळा, पितांबरी आहेच. पण आंबट लावून ठेवून देऊ नका, चोळलं की भरपूर पाण्यानं धुवा आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसा, मीठ आणि ओल राहिली की उद्या तिथेच हिरवट कळक. आतल्या कल्हईला यातलं काहीच लावायचं नाही, साधा साबण आणि मऊ घासणी. रोज लखलखीत हवंच असंही नाही, बाहेरून जरा काळवंडलेलं पातेलं गॅसवर असलं तर काही बिघडत नाही, नाहीतर मग आपणच परत स्टीलवर येणार.

बिडाचा तवा गंजलेला मिळाला तर घाबरू नका, गंज वरवरचा असतो. अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी करून अर्धा तास बुडवा, मग तारेच्या घासणीनं खरवडा, धुवा, गॅसवर पूर्ण वाळवा. मग जवसाचं नाहीतर रोजचं तेल फडक्यानं लावून तेवढंच पुसून काढा, दिसणार नाही इतका पातळ थर राहिला पाहिजे, आणि धूर येईपर्यंत तापवा, गार करा, परत तेच. तीन-चार वेळा केलं की काळी चमक धरते. जाड तेल लावलंत तर ते चिकट होऊन बसतं. पहिले काही दिवस त्यावर भाकरी नाहीतर थालीपीठ, सरळ घावनावर उडी मारू नका, ते सुटणार नाही आणि तुम्ही तव्याला दोष द्याल. अप्पेपात्राचं सगळं हेच. तडा असेल तर मात्र सोडून द्या, त्याला इलाज नाही.

बरण्या बघताना बोटाच्या पेरानं टकटक करा, खणखणीत वाजली पाहिजे. बाहेरून पांढरी भुकटी फुटलेली दिसली म्हणजे आतलं मीठ चकाकीतून पाझरून बाहेर आलंय, ती लोणच्याच्या कामाची नाही. दुकानातून किंवा भंगारातून आलेली असेल तर आधी कसली होती ते विचारा, ॲसिड किंवा केमिकलच्या बरण्याही तशाच दिसतात, शंका असेल तर छत्र्या ठेवा त्यात. चांगली निघाली तर गरम पाण्यानं धुवून दोन दिवस कडक उन्हात उपडी-सुलटी करून वाळवा, जुन्या लोणच्याचा वास जायला उन्हासारखं काही नाही. झाकण नसेल किंवा घट्ट बसत नसेल तर दादरा बांधा, त्यासाठी जुन्या धोतराचा तुकडा लागतोच.

आता कापडं. आपल्याकडे टेबल लिनन असलं काही नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी आईचं कपाट उघडून बघावं. रुखवतात मांडायला म्हणून मुली महिनोन् महिने क्रोशा घेऊन बसायच्या, ट्रे कव्हर, टीकोझी, मॅटीवर क्रॉसस्टिचचे मोर आणि बदकं, दुधाच्या भांड्यावर टाकायचे कडेला मणी लावलेले जाळीचे रुमाल. रुखवत उठलं की त्यातलं निम्मंशिम्मं कपाटात गेलं ते खराब होईल म्हणून कधी बाहेर आलंच नाही. आणि खराब झालंच, पण न वापरल्यामुळे, घडीवर पिवळं पडून. विकत घेताना क्रोशाच्या बाबतीत एक सोपं आहे, खरा क्रोशा मशीनवर होत नाही, हातानंच होतो, मशीनची जी असते ती तशी दिसणारी लेस. भिंग नसेल तर मोबाइलनं झूम करून फोटो काढा, टाका सुट्टा आणि साखळीसारखा दिसला पाहिजे. भरतकाम असेल तर उलटी बाजू बघा, हाताच्या कामात धागा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर गेलेला दिसतो, गाठी दिसतात.

पिवळं पडलेलं कापड मिळालं की पहिल्यांदा आपण क्लोरीनचं ब्लीच शोधतो, ते नको. जुना सुती धागा आधीच थकलेला असतो, आणि गंजाचा डाग असेल तर ब्लीचनं तो उलट पक्का होतो. आधी रंगीत दोऱ्यांची परीक्षा घ्या, ओला पांढरा कापूस लाल आणि काळ्या दोऱ्यावर दाबून धरा, रंग लागला तर भिजवायचं नाही, फक्त गार पाण्यातून चटकन काढायचं. पक्का असेल तर आधी साध्या पाण्यात काही तास ठेवा, चहासारखं पाणी निघतं, ते ओतून परत, निघायचं थांबेपर्यंत. मग कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पाकिटावरच्या मापानं घालून रात्रभर. पिळायचं नाही, विशेषतः क्रोशा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवं पसरून वाळवा, दोरीवर टाकलं की ओल्या वजनानं लांबतं. पांढरं असेल तर उन्हात, रंगीत असेल तर सावलीत. पत्र्याच्या ट्रंकेचे तांबडे डाग असतील तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग नीट धुवा. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, बघून जीव जातो, पण तो क्षारामुळे बदललेला हळदीचाच रंग आहे, धुवून पांढरं कापड दोन दिवस उन्हात टाका, फिका होत जातो.

खळ फक्त वापरायच्या वेळी द्या, साबुदाण्याची नाहीतर भाताच्या पेजेची, आणि किंचित ओलसर असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री करा, खाली जाड टॉवेल घाला म्हणजे भरतकाम चपटं होत नाही. ठेवताना मात्र खळ काढून, धुवून ठेवायचं, कारण कसर खळ खायलाच येते आणि सोबत कापडही खाते. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळा, गुंडाळी करता आली तर घडीपेक्षा बरं, घडी असेल तर मधूनमधून बदला. डांबराच्या गोळ्यांचा वास जेवणाच्या टेबलावर कोणाला हवाय, त्यापेक्षा वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून ठेवा.

आणि टेबलक्लॉथ घातल्यावर त्यावर ते पारदर्शक जाड प्लास्टिक पसरू नका हो, ओल आत कोंडते, शिवाय चिकट दिसतं ते वेगळंच. रोजच्या जेवणाला रस्सा सांडणारच, त्याला सोलापुरी टॉवेलच्या कापडाचे तुकडे शिवून ताटाखाली घाला, भरतकामाचं दुपारच्या चहाला, कोरड्या खाण्याला, गौरीच्या हळदीकुंकवाला. मणी लावलेले रुमाल तर रोज वापरता येतात, दही विरजून त्यावर टाका, मण्यांच्या वजनानं पंख्याखालीसुद्धा उडत नाहीत. जिथे विरलंय, फाटलंय, तो भाग कापून चांगल्या तुकड्याचा ट्रे कव्हर करा, मला तरी यात काही पाप वाटत नाही.

परदेशात राहणाऱ्यांनी इथून काही नेताना एवढं बघा: १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. घरातलं साधं पातेलं-वाटी यात सहसा अडकत नाही, पण नक्षीकाम केलेला जुना पानाचा डबा, अडकित्ता, देवघरातल्या मूर्ती किंवा दिवे असं काही असेल आणि वय माहीत नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला आधीच काढून घ्या, विमानतळावर वाद घालत बसण्यापेक्षा ते सोपं. अडकित्ता आणि विळी केबिन बॅगेत घालायची नाही हे सांगायला नको, पण दरवर्षी कोणीतरी घालतंच. बिडाचा तवा चेक-इनमध्ये टॉवेलात गुंडाळून मध्यभागी, वजनाचं आधी बघा, एक तवा आणि एक खलबत्ता झाला की चिवड्याला जागा उरत नाही.